तारण, पण गहाण न ठेवता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एकाच पानावर नाताळच्या शुभेच्छा आणि त्यांना खेटून सोनेतारण कर्जाची जाहिरात आली. वर लाल टोपीवाला सांताक्लॉज, खाली दागिने आणा नि पैसे न्या. माझी सात वर्षांची नात सध्या दिसेल ते जोडाक्षर वाचत सुटते. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाच्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये आम्ही उपासनेला जातो. तिथं दर रविवारी पापांतून सुटका या अर्थानं ऐकलेला ‘तारण’ हा शब्द पेपरात सापडल्यावर तिनं विचारलं, “आजोबा, आपलं तारण आणि हे तारण एकच का?” मला उत्तर द्यायला दोन दिवस लागले.

मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर 31 वर्षं दिवाणजी होतो. खरं सांगायचं तर हा शब्द मला चर्चपेक्षा पेढीवर जास्त भेटला. गुऱ्हाळ पेटण्याआधी शेतकरी उचल न्यायचे, माल आला की पट्टीतून ती वळती व्हायची. 1987 च्या सुमारास पन्हाळ्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा उभा ऊस जळाला. अंगावर 4,200 रुपये उचल. तो बायकोच्या पाटल्या रुमालात बांधून घेऊन आला. शेटजींनी गाठ न सोडताच रुमाल परत सरकवला आणि मला म्हणाले, “दिवाणजी, ह्यांचं खातं बंद करा.”

मी पेन हातात धरून तसाच बसलो. खतावणी लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की रक्कम हवेत विरत नाही, कुणाच्या तरी नावे पडतेच. विचारलं, “नावे कुणाच्या टाकू?”

“माझ्या.”

शेटजी जैन होते, चर्चची पायरी कधी चढले नसतील. पण बायबलमध्ये पौलानं कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपल्याविरुद्धचा ऋणलेख वधस्तंभाला खिळून रद्द केल्याचं लिहिलंय, ते मला त्या दिवशी कळलं. तोवर पाळकांची प्रवचनं पुष्कळ ऐकली होती. ‘येशू’ या नावाचा अर्थच देव तारण करतो असा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाळ जन्मायच्या आधीच योसेफाला स्वप्नात सांगितलंय की हेच नाव ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. म्हणजे बाळ गोठ्यात यायच्या आधीच आमची बाकी त्याच्या नावे टाकून झाली होती. बँकेच्या तारणात वस्तू आपण ठेवतो. इथं ठेवणारा देव, आणि ठेवलं ते स्वतःचं लेकरू.

सांताक्लॉजवर माझा राग नाही. चौथ्या शतकातल्या मायराच्या बिशप निकोलसवरून तो आला, भला माणूस होता. पण सांता वर्षभर शहाण्यासारख्या वागलेल्या पोरांनाच खाऊ देतो, असं आपणच मुलांना बजावतो. तो बोनस झाला. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात वेतन आणि कृपादान हे दोन शब्द समोरासमोर ठेवलेत. पापाचं वेतन मरण; सार्वकालिक जीवन मात्र कृपादान, ते कुणाच्या पगारात बसत नाही. (‘पापाचं वेतन’ म्हटलं की आमच्या नातीला इथला पापाची तिकटी हा चौक आठवतो. कोल्हापूरकरांचा इलाज नाही.)

रंकाळ्यावर फिरायला येणारे माझे एक सोबती म्हणतात, “फुकट मिळालं की किंमत राहत नाही हो. मग तुमचा माणूस वाट्टेल तसा वागायला मोकळा!” प्रश्न रास्त आहे. माझा अनुभव मात्र असा की फुकट घेणंच फार जड जातं. लग्नातला आहेरसुद्धा आपण वहीत लिहून ठेवतो, पुढं तेवढाच परत करायला. तो शेतकरी त्या दिवशी तासभर पेढीच्या पायरीवरून हलला नाही. “निदान एक पाटली तरी ठिवून घ्या ओ शेटजी, न्हाईतर मला झोप लागायची न्हाई.” शेटजींनी चहा पाजला आणि पाटली काही घेतली नाही.

पुढच्या हंगामात तो पहिल्या काहिलीचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, डोक्यावर घेऊन आला. मागं दुसरं कुणी नव्हतं, सौद्याला लावायचा मालही नव्हता. मी सवयीनं वही उघडली.

“जमा धरू का?”

“छे! त्यांचं खातं आहे कुठं आता?” शेटजी म्हणाले. “चहाला ठेवा.”

उन्हाळा लागेपर्यंत पेढीवरचा चहा त्याच गुळाचा झाला. नातीला मी एवढंच सांगितलं.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
न्यू शाहूपुरी, कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)