माझा न झालेला टायफॉइड

संपादक महोदय,

मंगळवारच्या अंकातला रजा-व्यवस्थापनावरचा लेख वाचला. काल दिवसभर गप्प राहिले, आज राहवत नाही. लेखक मोठे सल्लागार आहेत. मोबाइलवर अर्ज, मोबाइलवरच मंजुरी, पुराव्याशिवाय रजा नाही, म्हणजे 'खोट्या आजारपणांना आळा', असं सगळं छान मांडलंय. मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात 24 वर्षं टाइम ऑफिसला होते. हजेरीपट, रजेची कार्डं, पीएफची आणि ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची चलनं, सगळं माझ्या टेबलावर. खोटी आजारपणं मला विचारा. त्यातलं एक तर माझंच होतं.

2018चं नवरात्र. घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी 13 तारखेला ऑपरेशन. ह्यांनी दोन दिवस काढले, पुढे पाळी बदलून मिळेना. नणंद यायला अवकाश होता. मी 15 दिवसांची रजा मागितली, सोबत सासूबाईंचे कागद जोडले. साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "बेन, बीमार कोण छे? तमे के सासु?"

माझी मेडिकल 21 दिवस शिल्लक होती, पण ती स्वतःच्या आजाराची. पीएल, म्हणजे हक्काची भरपगारी रजा, दिवाळीच्या ऑर्डरींमुळे बंद. संध्याकाळी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काही न विचारता लेटरहेड पुढे ओढलं. "काय लिहू? टायफॉइडला 15 दिवस बसतात." असा मला टायफॉइड झाला. सासूबाई पडल्याचं ज्या साहेबांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, त्यांनीच ते सर्टिफिकेट फाइलला लावलं. परतल्यावर फिटनेसही मागितलं, म्हणजे न झालेल्या आजारातून मी बरी झाले याचा दाखला. त्याचे पैसे वेगळे. कॅन्टीनच्या महाराजांनी तर बिचाऱ्यांनी खरं मानून महिनाभर मला तिखट वाढलं नाही.

बरं, रजा मिळाली म्हणून सुटका झाली का? चलनं भरायची शेवटची तारीख 15. सोमवारी सकाळी नऊपासून फोन सुरू. टायफॉइडची पेशंट हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून ॲप्रेंटिस पोराला पासवर्ड सांगतेय, कपाटाची किल्ली कुठे ते सांगतेय, आणि वरून सिस्टर हाका मारतेय. इतक्या वर्षांत माझं काम दुसऱ्या कुणाला शिकवून ठेवावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी सुचवलं होतं, वर्षातून एक आठवडा टेबलं अदलाबदल करू. "तुम्ही आहात ना!" हे उत्तर. आता सल्लागारसाहेबांनी सांगावं, त्यांच्या ॲपवर मंजुरीचं बटण दाबल्यावर माझ्या खुर्चीत कोण बसणार? माणूस कधी ना कधी रजेवर जाणारच, हे ज्याने धरून ठेवलंय त्याला रजेचं भय वाटत नाही. ज्याने नाही धरलं, तो सर्टिफिकेट मागतो.

आणि त्याच नऊ दिवसांत अर्धा कारखाना मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळून दुपारी डोळे चोळत कामावर येत होता. एकालाही कागद विचारला नाही. विचारूही नये, बडोद्यात राहून गरब्याला ना म्हणणारा शेठ अजून जन्मायचाय. पण मग म्हातारीच्या खुब्यानेच काय घोडं मारलं होतं?

लेखात कायद्याचीही एक चौकट आहे. तिच्यात ईएसआयची पगारमर्यादा 15,000 छापली आहे. जानेवारी 2017 पासून ती 21,000 आहे. छापण्याआधी कुणी पाहत नाही का? मर्यादेतल्या कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के पैसे मिळतात, पण आजार त्याचा स्वतःचा हवा. बायकोवर उपचार ईएसआय करतं, तिच्या उशाशी बसणाऱ्याचा खाडा मात्र खाडाच. बाळंतपणाच्या 26 आठवड्यांचं आपण कौतुक केलंत, योग्यच. मात्र ईएसआयबाहेरच्या मुलीचा तेवढा पगार मालकाला स्वतःच्या गल्ल्यातून द्यावा लागतो, आणि म्हणून मुलाखतीत "लग्नाचं काय ठरलंय?" हा प्रश्न निघतो, हे कुठे लिहिलंय? शेजारच्या टेबलावर बसून मी तो कितीदा तरी ऐकलाय.

पुराव्याचं आणखी एक सांगते. आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईंचं पिशवीचं ऑपरेशन झालं. त्यांचं सर्टिफिकेट प्यूनच्या हातून उघडंच गेटपासून केबिनपर्यंत फिरलं. संध्याकाळपर्यंत बॉयलरवाल्यालाही ठाऊक. त्या पुढे महिनाभर कॅन्टीनला आल्या नाहीत, डबा मशीनपाशीच खायच्या. तेव्हापासून मी माझ्यापुरता नियम केला: सर्टिफिकेट बंद पाकिटात थेट माझ्याकडे, कार्डावर फक्त 'मेडिकल' आणि दिवस. कार्ड ज्याचं त्याला केव्हाही पाहायला मिळेल. याला ॲप लागलं नाही. 'आई आजारी' असंही कार्डावर लिहू द्या म्हणून मागे लागले होते, ते काही झालं नाही. तो रकानाच नाही म्हणे.

पुढच्या पावसाळ्यात मला खरोखरची कावीळ झाली. डोळे पिवळे घेऊन अर्ज द्यायला गेले, तर साहेब हसून म्हणाले, "आ वखते कोण पड्युं?" म्हणजे या वेळी कोण पडलं? केबिनमधले सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

ता. क. गेले तीन रविवार इथे पुरवणी येत नाही. पेपरवाला म्हणतो वरूनच येत नाही. बिल मात्र पूर्ण येतं.