जुना गेम बॉय बंद पडला म्हणजे बोर्ड गेला असे नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमना नवा पडदा बसवून ते पुन्हा वापरात आणणाऱ्या आपल्या शहरातील तरुणांविषयी लेख आला, तो मी आवडीने वाचला. मात्र असे यंत्र वारंवार बंद पडू लागले तर ‘बोर्ड (आतली मुख्य सर्किट-पाटी) गेला’ असे समजून दुसरा बोर्ड शोधावा, असा जो सल्ला त्यात ओघाने आला आहे, तो मला पटला नाही. रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्तीत माझा जन्म गेला आणि अलीकडे ही यंत्रेही माझ्या टेबलावर येऊ लागली आहेत. ‘बोर्ड गेला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक यंत्रांचा बोर्ड शाबूत निघाला. सेलमधली वीज त्या बोर्डापर्यंत पुरेशी पोहोचतच नव्हती.

गेल्या महिन्यात राजारामपुरीतील एक कॉलेजचा विद्यार्थी आपला गेम बॉय कलर घेऊन आला. निन्टेन्डोने १९९८ साली बाजारात आणलेले हे यंत्र त्याच्या मामांनी आखातातून येताना आणले होते, आणि त्यात त्याने स्वतःच्या पैशांनी नवा आयपीएस (मागून उजळणारा) पडदा बसवून घेतला होता. चालू केले की चित्र सुरेख दिसे. पण प्रकाश वाढवला किंवा आवाज मोठा केला की पडदा लुकलुकून खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. एका दुकानात त्याला बोर्ड बदलण्याचा खर्च सांगण्यात आला होता आणि तो ऐकून पोरगा अगदी हिरमुसला होता. मी यंत्र बंद असताना मोजले, तर दोन्ही सेलचे मिळून २.६ व्होल्ट भरले. येथेच थांबलो असतो, तर सेल ठीक म्हणजे बोर्डच बिघडला, असे मीही म्हणालो असतो. मग खेळ चालू ठेवून मोजले: सेलच्या पत्र्यांवर २.४५ आणि स्विचच्या पलीकडच्या टोकाला २.०५. म्हणजे ०.४ व्होल्ट एकट्या स्विचमध्ये वाया जात होते. यंत्र त्या वेळी साधारण पाव अँपिअर ओढत होते, त्या हिशेबाने स्विचचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दीड ओहमच्या वर गेला होता. चांगल्या स्विचचा तो जवळजवळ शून्य असायला हवा.

एवढ्या वर्षांची धूळ, हाताचा घाम आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेने स्विचच्या आतल्या पत्र्यांवर काळसर थर चढतो. सेल काढून ठेवले, स्विचच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडले, दांडी वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे केली आणि पूर्ण वाळू दिले. पुन्हा मोजले तेव्हा ०.४ च्या जागी ०.०३ व्होल्ट आले. पूर्ण प्रकाशात अर्धा तास खेळूनही यंत्र एकदाही अडखळले नाही. एवढ्याने भागले नाही, तर स्विच बोर्डावरून काढून, उघडून साफ करावा लागतो. तरीही बोर्ड बदलण्याचा प्रश्न येत नाही.

‘पडदा बसवल्यापासूनच बिघडले’ अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि दोष नव्या पडद्यावर जातो, म्हणून त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगतो. गेम बॉय कलरच्या आणि २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या मूळ पडद्याला स्वतःचा प्रकाश नव्हता, त्यामुळे ही यंत्रे फारच थोडी वीज घेत आणि मळलेल्या स्विचवरही त्यांचे निभावून जाई. नव्या पडद्यामागे दिवे असतात. शिवाय मेमरी कार्डावरून खेळ चालवणारी काडतुसे (यंत्रात खोचायच्या खेळाच्या डब्या) आणखी वीज ओढतात. त्यातही या यंत्रांतले वीज-मंडल सेलचे कमी व्होल्टेज चढवून बोर्डाला देते. येणारे व्होल्टेज घसरले, की तेवढेच काम करण्यासाठी ते सेलकडून जास्त प्रवाह मागते. प्रवाह वाढला की मळलेल्या स्विचमध्ये आणखी व्होल्टेज पडते, आणि असे करता करता एका क्षणी सगळेच कोसळते. प्रकाश वाढवताच खेळ नव्याने सुरू होतो, तो यामुळे.

सेलच्या बाबतीतही असेच फसायला होते. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारे स्वस्त पेन्सिल सेल बहुधा झिंक-कार्बनचे असतात. भिंतीवरच्या घड्याळाला ते वर्षभर पुरतात, मीटरवर दीड व्होल्ट दाखवतात, पण पाव अँपिअर मागितला की लगेच मान टाकतात. अशा यंत्राला अल्कलाइन किंवा चांगले रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलच हवेत. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असल्यामुळे दोघांचे मिळून २.४ च होतात, हे खरे. पण मागणी वाढली तरी त्याचे व्होल्टेज फारसे ढळत नाही. अल्कलाइन सेल आत गळला असेल आणि पत्र्यांवर पांढरा थर दिसत असेल, तर थोड्या व्हिनेगरने तो विरघळवून मग अल्कोहोलने पुसावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तळमजल्यावरच्या कपाटांत भिजलेली दोन-तीन यंत्रे माझ्याकडे आली होती. त्यांपैकी जी घरच्यांनी ‘चालते का पाहू’ म्हणून ओली असतानाच सुरू केली, त्यांचे मात्र मला काही करता आले नाही, आणि त्याची हळहळ अजून वाटते.

आता लिथियम सेलविषयी, कारण येथे प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. बरेच तरुण पेन्सिल सेलच्या जागी लिथियम सेल आणि टीपी४०५६ या चिपचा छोटा चार्जिंग बोर्ड बसवून घेतात. हा बोर्ड बहुधा १.२ किलोओहमच्या रोधकासह येतो, आणि त्यामुळे सेलमध्ये १ अँपिअरने वीज भरली जाते. पाच-सहाशे मिलिअँपिअर-तासांच्या लहान सेलला हा वेग झेपणारा नाही. तो रोधक बदलून ४ किलोओहमचा लावला की चार्जिंग सुमारे ३०० मिलिअँपिअरवर येते. चार्ज होत असतानाच खेळत बसले तर या चिपला सेल भरल्याचे कळत नाही, कारण प्रवाह पुरेसा कमी झाला की थांबायचे, एवढेच तिला माहीत असते, आणि खेळ वीज ओढत असल्यामुळे तो तितका कमी होतच नाही. भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो आणि दोन पेन्सिल सेलचे यंत्र सुमारे ३ व्होल्टसाठी आखलेले असते. म्हणून तो थेट न जोडता मधे व्होल्टेज उतरवणारे मंडल असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘सी-टाइप चार्जर लावला तरी चार्जच होत नाही’ या तक्रारीचे कारण मात्र अगदी साधे असते. स्वस्त बोर्डांवर ५.१ किलोओहमचे दोन रोधक गाळलेले असतात आणि त्यांच्याशिवाय दोन्ही बाजूंनी सी-टाइप असलेल्या केबलमधून चार्जर वीज सोडतच नाही. एका बाजूला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली, की चार्जिंग सुरू होते.

माझी विनंती दोन प्रकारच्या वाचकांना आहे. लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, उद्यमनगर येथील दुरुस्ती करणाऱ्या बंधूंनी बोर्ड बदलण्याचा निर्णय देण्यापूर्वी यंत्र चालू असताना सेलच्या पत्र्यांवर आणि स्विचच्या पलीकडे किती व्होल्ट आले, हे दोन आकडे पावतीवर लिहून ग्राहकाला द्यावेत. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. आणि ज्यांच्या घरात अशी यंत्रे कपाटात पडून आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वी त्यांतले सेल काढून ठेवावेत. लिथियम सेल फुगून मागचे झाकण उचलले गेले असेल, तर ते दाबून बसवू नये, सेल टोचू नये आणि घंटागाडीतही टाकू नये. तो ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणीच द्यावा.

आपला,
एक वाचक व दुरुस्ती कारागीर,
शाहूपुरी, कोल्हापूर