कोण आधी बोललं?

चि. छकुली हिस,

अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास (आपटलासच, पण असो), तेव्हापासून हे पत्र मनात तीनदा लिहून झालं. तिन्ही वेळा त्याचं भाषण झालं. म्हणून शेवटी कागद घेतला. हाताने लिहिताना बोटं दुखतात, माणूस आवरतं घेतं.

तू म्हणालीस, तो सहा दिवस बोलत नव्हता आणि मग बोलायला लागला. मी विचारलं, कोण आधी बोललं? तर तू हसून म्हणालीस, "अगं आई, तो तुझ्या ड्यूकसारखा आहे. वरून दगड, आतून लोणी." त्यावर मी जे बोलले ते बोलले. ड्यूक, म्हणजे ते इंग्रज उमराव, आपल्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत शोभतात, इथपर्यंत ठीक होतं. तुझी अक्कल काढायला नको होती. तेवढं मागे घेते. प्रश्न मात्र मागे घेत नाही.

त्याचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. लिहायला गेले की अक्षर रागावल्यासारखं येतंय.

आत्याला वाटतं, तुला पुस्तकांनी बिघडवलं. मला ते मुळीच मान्य नाही. आजीच्या आजारपणात रात्र रात्र जागायचे ना, तेव्हा ही पुस्तकं होती म्हणून मी शहाणी राहिले. वेष्टनावर उघड्या छातीचा तो पुरुष आणि त्याच्या हातावर मागे झुकलेली ती बाई, म्हणून जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून मी कव्हरं घालायचे. बाबांना कित्येक वर्षं वाटायचं, मी हिशेबाच्या वह्या वाचते. दर पाच मिनिटांनी आजी पाणी मागायची. पाणी द्यायचं, बोट ठेवलेल्या पानावर परत यायचं. आणि त्या पानावर एक बाई कुणाला तरी ठणकावून 'नाही' म्हणत असायची.

बाकी काय ठेवलंय त्या पुस्तकांत? नाचाचे दिवे, घोडागाड्या, पावसात अडकलेली दोघं, सगळं दहा पुस्तकांत तेच. पण ते 'नाही' दरवेळी नवं लागतं. कारण त्या बाईच्या हातात दुसरं काही नसतं. बहुतेक गोष्टी १८११ ते १८२० या काळातल्या. राजाला वेड लागलेलं, मुलगा त्याच्या नावाने कारभार बघतोय. त्या इंग्लंडात लग्न झालं की कायद्याच्या नजरेत बाई नवऱ्यात विरघळून जायची. तिची रोख रक्कम त्याची, तिची कमाईही त्याची. कमाई तिची स्वतःची व्हायला १८७० उजाडलं आणि मालमत्तेचा पुरा हक्क मिळायला १८८२ चा कायदा यावा लागला. लहान मूल आईजवळ राहू द्या, असा अर्ज कोर्टात करायची मुभासुद्धा १८३९ ची. म्हणजे ज्या दिवसांत ती नायिका नाचायला उभी राहते, तेव्हा 'हो' म्हटल्यावर तिचं काही उरतच नाही. सगळी किंमत त्या आधीच्या 'नाही'ची. मला हे तेव्हा असं सांगता आलं नसतं. तेव्हा नुसतं बरं वाटायचं. आपण जे दिवसभर म्हटलं नाही ते रात्री कुणीतरी म्हणतंय, एवढंच.

आणि ड्यूक! खरे ड्यूक तेव्हा सगळे मिळून पंचवीस-तीस, त्यातले बरेचसे म्हातारे किंवा लग्न झालेले. आपल्या कपाटातच त्याहून जास्त निघतील, सगळे तरुण, सगळ्यांचे दात शाबूत. हे तूच मोजलं होतंस सातवीत. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर उभ्या रेघा मारून. मी रागावले होते, वही मात्र जपून ठेवली आहे.

त्या वहीत ड्यूकांच्या खाली तू नायिकांची कामंही लिहिली होतीस. वनस्पती गोळा करणारी, शेअरचे व्यवहार बघणारी, दुर्बिणीतून धूमकेतू शोधणारी. तू विचारलंस, असं खरंच कुणी होतं का, आणि मी ठोकून दिलं, नव्हतं, गोष्टच आहे ती. पुढे तूच मला कॅरोलिन हर्शलबद्दल वाचून दाखवलंस. भावाच्या दुर्बिणीशेजारी बसून तिने आठ धूमकेतू शोधले आणि १७८७ पासून राजाकडून वर्षाला ५० पौंड पगार घेतला. "पगार, आई!" असं तू दोनदा ओरडलीस. धूमकेतूंचं तुला काहीच नव्हतं. गेल्या वर्षी साहेबांसमोर बसून तू पगार वाढवून घेतलास, तेव्हा मी इथे एकटीच म्हटलं, "पगार, आई!" तुला सांगितलं नव्हतं. चढून बसली असतीस.

अशी पोरगी सहा दिवस फोनकडे बघत बसते, हे माझ्या गळी उतरत नाही.

बघ, आले परत तिथेच. ठरवलं होतं एकदाच लिहायचं.

खरं सांगू? मला त्याच्यापेक्षा माझी जास्त भीती वाटते. तू सोळा वर्षांची होतीस, आठवतं? अमेरिकेत १९७२ साली एक जाडजूड पेपरबॅक आलं आणि तशा पुस्तकांची लाटच उसळली. त्यातलं एक तुझ्या हाती लागलं. त्या पुस्तकांत तो तिच्यावर जबरदस्ती करतो आणि तिनशे पानांनी त्यालाच प्रेम म्हणतात. तू पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आलीस आणि विचारलंस, "ती नाही म्हणतेय ना इथे? याला ऐकू येत नाही का?" मी पाठमोरी होते. मागे वळलेही नाही. म्हटलं, "पुढे वाच. चांगला निघतो तो."

पुढे वाच, चांगला निघतो. हे मी तुला शिकवलं.

तू ते पुस्तक पुरं केलं नाहीस. मी चार वेळा केलं होतं आणि एकदाही अडखळले नव्हते. आताच्या बऱ्याच लेखिका तसं लिहीत नाहीत. नायिकेची इच्छा आता नुसती गृहीत धरत नाहीत, तिला विचारतात. पण माझ्या पिढीने 'पुढे वाच' म्हणतच वाचलं. उनाड माणूस सुधारला की सगळ्यांत चांगला नवरा होतो, अशी म्हणच होती इंग्रजांत, आणि ती घातक आहे असं अठराव्या शतकातच एका कादंबरीकाराने प्रस्तावनेत बजावलं होतं. कुणी ऐकलं? उनाडांवरच गाडी चालली आहे अजून.

पुढे वाचायची हिंमत आपल्याला होते ती शेवट ठाऊक असतो म्हणून. हॅपिली एव्हर आफ्टर. ते नसेल तर वाचक पुस्तक भिंतीवर फेकतील. शेवट पक्का असल्यावर मधली तीनशे पानं त्याने काहीही केलं तरी पोटात गोळा येत नाही. आणि दुसरी सोय म्हणजे त्याच्या मनातलं पान. एक प्रकरण तिचं, एक त्याचं. ती दाराबाहेर रडत असते आणि पान उलटलं की आपल्याला कळतं, आत तो कपाळ धरून बसलाय, बापाने छळलेलं आठवतंय, तिच्यावाचून जीव कासावीस आहे. तिला माहीत नसतं, पण आपल्याला असतं. म्हणून तो अबोला आपल्याला गोड लागतो.

तुझ्याकडे त्याचं ते प्रकरण आहे का? का तूच लिहितेयस?

मी लिहिलं होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी बाबा अकरा दिवस बोलले नव्हते. कारण काय होतं ते आता दोघांनाही आठवत नाही. मी अकरा दिवसांत त्यांच्या मनातलं अख्खं प्रकरण रचलं. बालपण, अभिमान, आजोबांचा धाक, माझ्याबद्दल दाटून आलेलं पण ओठावर न येणारं काहीतरी. बाराव्या दिवशी सकाळी ते दारात उभे राहिले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "छत्री कुठे आहे?" मी ती आणून दिली. पाऊस येत होता. मला वाटलं, हे म्हणजे माफीच की. त्या छत्रीवर मी किती वर्षं काढली, तुला कल्पना नाही. पुढे तू कॉलेजात गेल्यावर एकदा धीर करून विचारलं, तेव्हा काय होतं हो तुमच्या मनात? ते म्हणाले, "कधी?"

बाबा वाईट नाहीत. तुझ्या तापात रात्रभर तुला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणारे तेच. आत्ता आतल्या खोलीतून दोनदा विचारून झालं, कुणाला लिहितेयस एवढं. मी सांगितलं, हिशेब. पण ड्यूकही नाहीत ते, आणि ते ड्यूक नाहीत हे कळायला मला वीस वर्षं लागली, एवढं तुझ्या कानावर घालायचं होतं.

त्यात तू एक गोष्ट विसरलीस, याचं मला जास्त वाईट वाटलं. आपल्या आवडत्या नायिका बसून राहतात का गं? पुस्तक पाऊण झालं की ती निघते. ट्रंक भरते, पहाटेची गाडी पकडते, कुणा मावशीच्या पडक्या घरी जाऊन राहते. रडते, पण तिथून. मग तो येतो, चिखलाने माखलेला, आणि त्याला बोलावं लागतं. दागिना पाठवून भागत नाही. अमुक दिवशी मी अमुक केलं, ते चुकलं, असं तोंडाने म्हणावं लागतं. इंग्रजी वाचणाऱ्या बायका त्याला ग्रॉव्हल म्हणतात, नाक घासणं. तो भाग चार ओळींत उरकलेला असला तर तू पुस्तक पलंगावर आपटून म्हणायचीस, "एवढंच? हिने ऐकून घेतलं?" दुसऱ्यांच्या ड्यूकांना तू कधी सवलत दिली नाहीस.

आणि पैशाचं. त्या काळी शहाण्या घरांत लग्नाआधी दोन्हीकडचे वकील बसून करार करत. बायकोचा पैसा विश्वस्तांच्या नावे बांधून ठेवायचे, म्हणजे नवऱ्याचा हात पोहोचायचा नाही. हातखर्चाची रक्कमसुद्धा लिहून घ्यायचे. तू मला खातं एकत्र करतोय म्हणालीस. स्वतःचं एक वेगळं राहू दे. पगार त्यातच येऊ दे. आणि नोकरी बदलायची घाई करू नकोस, आणि त्याच्या घरच्यांना एकदा नीट, चहूबाजूंनी… असो. तू डोळे फिरवलेले मला इथून दिसले. माफ कर. तुला कळतं सगळं. १८५७ पर्यंत तिथे संसदेत स्वतंत्र कायदा करून घेतल्याशिवाय पुरता घटस्फोट मिळत नसे आणि तेवढ्या सगळ्या काळात तो मिळालेल्या बायका मोजून चार. तुला चारांत नंबर लावायचा नाहीये, हे मी रात्री स्वतःला सांगते आणि कूस बदलते.

कदाचित तो खरंच चांगला असेल. तुझ्या पायाला लागलं तेव्हा रजा टाकून थांबला होता, हे मी विसरलेले नाही. कदाचित सहा दिवसांमागे काही कारण असेल आणि त्याने ते तुला सांगितलंही असेल, आणि तू मला सांगितलं नसशील, कारण मी ऐकूनच घेतलं नाही. तसं असेल तर हे सगळं पत्र फाडून टाक आणि आईला वेड लागलंय म्हण.

पुस्तकांबद्दल मात्र पश्चात्ताप नाही. तू ती टाकूनही देऊ नकोस. मी अजून वाचते, आता कव्हर न घालता.

तब्येतीला जप. जागरणं करू नकोस.

तुझी,
आई

ता. क. तू विसरलेलं ते निळं पुस्तक सापडलं, उशीच्या अभ्र्यात होतं. २८७ पानाचा कोपरा तू दुमडला आहेस. मी बघितलं, तो चिखलात उभा राहून बोलतो तेच पान आहे. पाठवते आहे. आणि फोन करायचा नसेल तर करू नकोस, मी समजून घेईन. नुसता मेसेज टाक, एकाच शब्दाचा. 'तो' किंवा 'मी'.