सूचना: हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह घेऊन विमानप्रवास करणाऱ्या सभासदांसाठी

सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. सुरक्षा तपासणीतल्या एक्स-रेमुळे हार्ड डिस्क, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क), पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डमधला डेटा पुसला जात नाही. (धोका असतो तो न धुतलेल्या कॅमेरा फिल्मला.) खरी भीती आदळआपट आणि चोरीची. म्हणून ही साधने चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेतच ठेवा. फिरत्या तबकडीची डिस्क बंद करून मऊ कापडात गुंडाळा. सुटी लिथियम बॅटरी तर केबिनमध्येच न्यावी लागते; बॅटरी असलेले वायरलेस ड्राइव्हही केबिनमध्येच ठेवा.

कस्टम्सचा प्रश्न वेगळा. वापरातली एक-दोन साधने सहसा कोणी अडवत नाही; पण सीलबंद नवे दहा ड्राइव्ह दिसले की व्यापाराचा माल समजून शुल्क मागितले जाऊ शकते. बिले जवळ ठेवा. महागडी उपकरणे परत आणायची असतील, तर निघतानाच कस्टम्सकडे नोंद करून दाखला घ्या.

काही देशांत सीमेवरचे अधिकारी साधन उघडून पाहू शकतात, पासवर्डही मागतात. एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय डेटा वाचता येऊ नये अशी सोय) जरूर करा, मात्र संस्थेच्या सभासदांची माहिती सोबत नेऊच नका. निघण्याआधी बॅकअप घ्या आणि तो घरीच ठेवा.

– सचिव