आहेर उपयोगाचा द्या की!

मा. संपादक,

लग्नसराई आली की आपल्याकडं प्रत्येक घरात आहेराचं टेन्शन येतं, महिन्याचं बजेट कोलमडतं आणि शेवटी काय देतो तर शोपीस, भिंतीवरचं घड्याळ नाहीतर कुणीच न शिवणारा ब्लाउजपीस, जो या घरातून त्या घरात फिरत राहतो. आहो, आपल्या सोलापूरची चादर आणि टर्किश टॉवेल, दोन्हींना जीआय मानांकन, म्हणजे मूळ गावच्या मालाची सरकारी ओळख, आहे, बाहेरगावचे लोक मुद्दाम घेऊन जातात आणि आपणच ते आहेरात द्यायला लाजतो! चांगली सुती चादर वर्षानुवर्षं टिकते, फक्त घेताना लेबल बघून घ्या, कारण सोलापुरीच्या नावाखाली दुसराच माल खपवतात.

बारशाला झबली सगळेच आणतात, तीपण अगदी लहान मापाची, त्यापेक्षा वर्षाच्या बाळाला येतील अशी घ्या ना. वास्तुशांतीला चार भावंडांनी पैसे एकत्र करून कुकर नाहीतर मिक्सर द्यावा, आधी फोन करून काय पाहिजे ते सरळ विचारावं, यात कसला आलाय कमीपणा? आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना शेंगा चटणी, कडक भाकरी द्या, खूश होतात.

पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ छापणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटतं.

– एक गृहिणी, सोलापूर