गोल मांडलेल्या खुर्च्यांतील त्या सर्वांना

बाळ सहा आठवड्यांचे झाले तेव्हा मी त्याला दूध पाजत होते, न्हाऊ घालत होते, पण त्याच्याकडे पाहून मला काहीच वाटत नव्हते. आणि हे कोणाला सांगणे म्हणजे आपण आई म्हणून नालायक असल्याची कबुली देणे, असे मी धरून चालले होते. बाळंतपणानंतरचे हळवेपण साधारण दोन आठवड्यांत ओसरते. माझे ओसरले नव्हते.

लसीकरणाच्या दिवशी एका परिचारिकेने बाळाचे वजन नोंदवल्यावर माझीही चौकशी केली आणि बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिंबरा प्रश्नावलीतील, गेल्या 7 दिवसांविषयीचे 10 प्रश्न माझ्यापुढे ठेवले. स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या शेवटच्या प्रश्नाशी माझा हात थांबला, तेव्हा त्यांनी घाई केली नाही; खुर्ची जवळ ओढून त्या बसून राहिल्या आणि त्याच दिवशी मला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. स्तनपान चालू ठेवून घेता येईल असे औषध सुरू झाले आणि मातांच्या साप्ताहिक गटात माझे नाव नोंदवले गेले.

तिथे तीन आठवडे मी एक शब्दही बोलले नाही, आणि कोणी आग्रहही धरला नाही. चौथ्या खेपेस एक आई म्हणाली, “मलाही बाळाविषयी काही वाटत नव्हते,” आणि माझा बांध फुटला. शेजारच्या बाईंनी काही न विचारता बाळ माझ्या मांडीवरून उचलून घेतले, सत्र संपेपर्यंत सांभाळले आणि परत देताना एवढेच म्हणाल्या, “आत्ताच झोपलाय, हळू घ्या.”

परिचारिकाताई, डॉक्टर आणि गटातील प्रत्येक आई, मी तुमची मनापासून ऋणी आहे.