बजरची वायर कोण कापतं?

मा. परिवहन मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

स. न. वि. वि.

मी इंदूरचा, लोकमान्यनगरात राहणारा. तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवलं. आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि मी शेजारच्या स्टुलावरून चुका काढतो.

गेल्या पावसाळ्यात मुलांची ने-आण करणारी एक मिनीबस ब्रेकलाइटसाठी आली. गाडी मागे घेताना वाटेत काही आलं की बजर वाजवणारे चार सेन्सर मागच्या बंपरला होते, पण रिव्हर्स टाकला तरी बजर मुका. डॅशबोर्डखाली हात घातला, तर वायर कापून टोकाला टेप गुंडाळलेली. ड्रायव्हर म्हणाला, "काका, दिनभर चिल्लाता है, सिर खा जाता है."

मी त्याच्यावर भडकणार होतो, पण बंपर पाहिला आणि गप्प बसलो. सेन्सर जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच, त्यातला एक उलटा. सेन्सर कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो आदळून किती वेळात परतला यावरून अंतर काढतो. इतका खाली बसवला की त्याला रस्त्याचाच प्रतिध्वनी येतो, मग बजर कोकलणारच. साधारण अर्धा मीटर उंची हवी, तोंड किंचित वर. त्यात आपली माळव्याची काळी माती! पावसात एक थर बसला की सेन्सर आंधळा. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरतं, पण हे ड्रायव्हरला सांगतं कोण?

वायरिंगची कथा तर विचारूच नका. मोठ्या बसला २४ व्होल्ट असतात, तिथे कारचा १२ व्होल्टचा किट जोडतात आणि तो जळतो. बॅटरीची निगेटिव्ह न काढता, चाकाखाली दगड न लावता बंपरला भोकं पाडणारेही पाहिलेत.

१ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या कारना रिव्हर्स सेन्सर सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाड्यांना आणि कित्येक बस-ट्रकना मात्र तो बाहेरूनच बसवला जातो, तेही ज्याच्या हाती ड्रिल असेल त्याच्याकडून. बसवणाऱ्याने गाडी नंबर, तारीख आणि सेन्सरची उंची लिहून सहीची पावती द्यावी, एवढा तरी नियम करा.

व्यावसायिक गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होतं. तेव्हा सेन्सर दिसतो का, एवढं पाहून भागत नाही. इंजिन बंद, चावी चालू, हँडब्रेक ओढलेला, गाडी रिव्हर्समध्ये. मग लांब काठीला खोकं बांधून मागे धरावं. माणूस उभा करू नये, पोर तर नाहीच. नंतर त्याच काठीला गोणपाट गुंडाळून पुन्हा पाहावं. खोक्यावर वाजणारा बजर गोणपाटावर वाजेलच असं नाही, कारण जाड कापड आवाज गिळतं. आणि थंडीत पोरांच्या अंगात स्वेटर असतो.

अजून एक हिशेब. ताशी ५ किलोमीटरने मागे येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ दीड मीटर कापते. सेन्सरने दीड मीटरवर ओळखलं, तर ड्रायव्हरला मिळाला एक सेकंद. म्हणून बजर असला तरी क्लीनरने खाली उतरलंच पाहिजे. पगार वाचवायला क्लीनरच ठेवायचा नाही, हे मालकांचं गणित मला मान्य नाही.

त्या बसचे सेन्सर आम्ही वर घेतले, वायर जोडली. ड्रायव्हरच्या आग्रहाखातर बजरच्या तोंडावर टेपचा एक तुकडा लावून आवाज जरा उतरवला. परवा दुकानासमोर ती गाडी मागे घेताना ऐकलं, वाजत होता.

आपला,
एक जुना ऑटो-इलेक्ट्रिशियन, इंदूर